दारावरची खूण

आमच्या नोएडातील वसाहतीत काही वर्षांपूर्वी एक तरुण जोडपे राहावयास आले. दोघेही नोकरी करणारी, रात्री उशिरा परतणारी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्या दाराशेजारी पितळेचा एक लहानसा अननस लावलेला होता. पुढे केव्हातरी त्याची वरची कडी निसटली आणि तो खालच्या खिळ्यावर उलटा लोंबू लागला. एके दिवशी लिफ्टमध्ये एका परिचित गृहस्थांनी माझ्याकडे झुकून, आवाज खाली आणून विचारले, “ते दार पाहिलेत का?” मग त्यांनीच खुलासा केला. दारावरचा उलटा अननस ही म्हणे एक गुप्त खूण असते. या घरातील पतिपत्नी इतर जोडप्यांशी जोडीदारांची अदलाबदल करावयास तयार आहेत, असा तिचा अर्थ. परदेशात हे सर्वांना ठाऊक आहे, असेही त्यांनी ठासून सांगितले.

मी हसलो. ‘काहीतरीच काय!’ असे मी म्हटले नाही, ‘आपण त्यांना ओळखता का?’ असेही विचारले नाही. मजला आला, दार उघडले, आम्ही आपापल्या घरी गेलो. आज हा लेख लिहावयास बसलो आहे तो त्या हसण्यामुळे. ज्या गोष्टीविषयी मला काहीही माहिती नव्हती, त्या गोष्टीला मी त्या हसण्याने संमती दिली होती.

अशा खुणांची दंतकथा बरीच मोठी आहे. इंग्लंडमध्ये ती पॅम्पस गवताविषयी सांगतात. हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील उंच, पांढऱ्या तुऱ्यांचे गवत. १९७० च्या दशकात तेथील घरांपुढच्या बागांतून ते हौसेने लावले जाई. पुढे कोणीतरी म्हणाले की, घरापुढे पॅम्पस असेल तर त्या घरातील जोडपे ‘तसले’ समजावे. ही कुजबुज इतकी पसरली की, तिच्यामुळे या गवताचा खप घटल्याची तक्रार तेथील रोपविक्रेत्यांनी केली. आज हेच वाळवलेले तुरे आपल्याकडील, अगदी दिल्लीच्या आसपासच्या, लग्नमंडपांच्या सजावटीत सर्रास दिसतात. वधूवरांच्या मस्तकांवर ते डोलत असतात आणि कोणाच्या मनात काही येत नाही. कारण ती गोष्ट मंडपातल्या बहुतेकांनी ऐकलेलीच नसते.

अननसाची कथा तर अधिक बोलकी आहे. हे फळ पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात भारतात आले आणि आपले नावही बरोबर घेऊन आले. युरोपात ते एवढे दुर्मिळ आणि महाग होते की, पाहुण्यापुढे अननस ठेवणे म्हणजे आदरातिथ्याची परिसीमा मानली जाई. म्हणून अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेतील वसाहतींत फाटकांच्या खांबांवर दगडी अननस कोरण्याची चाल पडली. ‘या, आपले स्वागत आहे’ हा त्याचा अर्थ. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या पश्चिमेकडील दोन्ही मनोऱ्यांच्या टोकांवर आजही सोनेरी अननस आहेत. पाहुणचाराची ही खूण आपल्या काळात व्यभिचाराची खूण ठरली. फळ बदलले नाही, दारही बदलले नाही. पाहणाऱ्याची नजर तेवढी बदलली.

येथे कोणी विचारील, ‘पण असे वागणारे लोक जगात नाहीतच काय?’ आहेत. ते असे राजरोस सांगतातही. त्यांचे क्लब असतात, त्यांनी पूर्वी जाहिराती दिल्या, आज मोबाईलवर त्यांना एकमेकांचा शोध घेता येतो. अलीकडे त्यांच्यापैकी काहींनी ही दंतकथा ऐकून गमतीने अननसाचे चिन्ह स्वीकारलेही आहे. विवाहाची शपथ पवित्र मानणारे आपण अशा वर्तनाला चूकच म्हणणार, आणि ते म्हणताना संकोच करण्याचे कारण नाही. परंतु ‘असे लोक आहेत’ हे एक विधान झाले आणि ‘हे शेजारी तसे आहेत’ हे दुसरे. पहिले खरे असल्याने दुसरे खरे ठरत नाही. या दोन विधानांमधले अंतर आपण एका उडीत पार करतो आणि त्या उडीला अनुभव, जगाचे ज्ञान अशी भारदस्त नावे देतो.

शिवाय या कथेच्या पोटातच एक विसंगती आहे. खूण खरोखर गुप्त असेल तर ती लिफ्टमधल्या गृहस्थांना कशी ठाऊक? आणि त्यांनाही ठाऊक असेल, तर ती गुप्त कसली? सगळ्या जगाला माहीत असलेले गुपित कोणता शहाणा माणूस आपल्या दारावर टांगील? ही शंका इतकी साधी आहे की ती लहान मुलालाही सुचावी. पण ती सुचत नाही, कारण ती सुचू नये अशीच आपली इच्छा असते. गोष्टीची गोडी जाईल ना!

ही गोडी नवी नाही. पाश्चात्त्य दंतकथेत पुरुष आपापल्या मोटारींच्या चाव्या एका भांड्यात टाकतात आणि ज्या स्त्रीच्या हाती ज्याची चावी येईल ती त्याच्याबरोबर जाते, असे वर्णन येते. मराठी वाचकाला हे ऐकताच ‘घटकंचुकी’ हा शब्द आठवावा. उत्तर पेशवाईतील विलासाच्या कथा सांगताना रंगवून सांगितला जाणारा तो प्रकार: स्त्रियांच्या चोळ्या एका घटात घालावयाच्या आणि ज्या पुरुषाच्या हाती जिची चोळी येईल ती त्याची. काही शाक्त पंथांवरही त्यांच्या विरोधकांनी नेमका हाच आरोप केला. भांड्याच्या जागी घट आणि चावीच्या जागी चोळी. देश, काळ आणि धर्म वेगळे, पण गोष्ट एकच. ज्यांचा आपल्याला हेवा वाटतो, ज्यांची भीती वाटते किंवा ज्यांच्याविषयी आपण अगदीच अनभिज्ञ असतो, अशा लोकांच्या बंद दारामागे समाज ही गोष्ट नेऊन ठेवतो. आणि अशा गोष्टींत स्त्री ही बहुधा चिठ्ठी टाकून वाटून घेण्याची वस्तू असते, हेही ध्यानात घ्यावे. ती सांगताना आणि ऐकताना आपणही तिला क्षणभर तसेच पाहत असतो.

आता आपल्याच घराकडे वळू. ख्रिस्ती मनुष्याने अशा कुजबुजीपासून चार पावले दूर राहावे, याला एक विशेष कारण आहे. ही गोष्ट एकेकाळी आपल्याविषयी सांगितली जात असे.

दुसऱ्या शतकातील रोमी साम्राज्यात ख्रिस्ती लोक पहाटे किंवा रात्री, दारे लावून जमत. ते एकमेकांना भाऊ-बहीण म्हणत, शांतीचे चुंबन देत, प्रीतिभोजन करीत, आणि कोणाचे तरी शरीर व रक्त घेण्याची भाषा बोलत. बाहेरच्यांनी या खुणा वाचल्या आणि आपला अर्थ लावला. मिनूशियस फेलिक्स या लेखकाच्या संवादात तो आरोप सविस्तर आला आहे. जेवण झाल्यावर म्हणे दीपस्तंभाला बांधलेल्या कुत्र्यापुढे खाऊचा तुकडा टाकतात, कुत्रा झेपावतो, दिवा विझतो, आणि अंधारात जो जिच्या जवळ असेल तो तिचा. इ. स. १७७ मध्ये गॉल प्रांतातील लियोन येथे झालेल्या छळात, छळाच्या भीतीने घरच्या दासांकडून अशाच प्रकारचे आरोप वदवून घेण्यात आले आणि त्यामुळे जमाव अधिकच खवळला. ज्यांना तेथे ठार करण्यात आले त्यांच्या मृत्यूला या कुजबुजीचाही हातभार होता.

त्यापूर्वी, इ. स. ११२ च्या सुमारास, बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने मात्र एक गोष्ट केली. त्याने चौकशी केली. ती क्रूर होती. दोन दासींना त्याने यातनाही दिल्या. तरीही त्याने बादशहाला जे कळविले त्यात अंधार नव्हता की कुत्रा नव्हता. हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला उद्देशून गीत म्हणतात, चोरी व व्यभिचार न करण्याची शपथ घेतात आणि साधे, निरुपद्रवी अन्न खातात, एवढेच त्याला आढळले. म्हणजे व्यभिचार न करण्याची शपथ घेणाऱ्यांवरच लोकांनी व्यभिचाराची गोष्ट रचली होती! पुढे टर्टुलियनने रोमी अधिकाऱ्यांना हाच बिनतोड प्रश्न विचारला: हे इतके गुप्त आहे तर तुम्हाला सांगितले कोणी? आत असणारा स्वतःचा घात करणार नाही आणि बाहेरच्याला तर काही दिसलेले नाही. लिफ्टमध्ये मला सुचावयास हवा होता तो प्रश्न अठराशे वर्षांपूर्वी आपल्याच एका पूर्वजाने विचारून ठेवला होता.

दुर्दैवाने ही कहाणी येथेच संपत नाही. आपल्या हाती सत्ता आल्यावर आपण तीच गोष्ट दुसऱ्यांविषयी सांगू लागलो. इ. स. १०२२ मध्ये फ्रान्समधील ओर्लेआं येथे काही धर्मगुरूंना पाखंडी ठरवून जाळण्यात आले. त्यांच्याविषयी नंतर एका मठवासी इतिहासकाराने लिहिताना दिवे विझवून चालणाऱ्या स्वैराचाराची तीच जुनी कथा त्यांच्या माथी मारली. ज्या दगडाने आपल्याला जखम झाली तोच दगड आपण उचलून दुसऱ्यावर भिरकावला. हा इतिहास ठाऊक असलेल्या ख्रिस्ती माणसाने ‘नुसती गंमत’ म्हणून अशा कथेत सामील व्हावे काय?

‘नुसती गंमत’ कोठवर जाते हे आमच्या राजधानीच्या परिसराने पाहिले आहे. २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दिल्ली, हरयाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात कोणी अज्ञात शक्ती स्त्रियांच्या वेण्या कापते अशी आवई उठली. दिल्लीच्या सीमेवरील खेड्यांपर्यंत घरोघर दारांवर हळदीचे आणि मेंदीचे पंजे उमटले, कडुनिंबाच्या डहाळ्या आणि लिंबे टांगली गेली. स्वतःच्या दारावर खूण करणारी भीती मग दुसऱ्याच्या अंगावर खूण शोधू लागते. त्याच ऑगस्टमध्ये आग्रा जिल्ह्यात एका वृद्ध स्त्रीला वेणी कापणारी चेटकीण समजून जमावाने मारून टाकले. वाट चुकून ती दुसऱ्याच्या दाराशी गेली होती. एवढाच तिचा अपराध होता.

आणि आमच्या नोएडात, जलवायू विहार या वसाहतीत, १६ मे २००८ च्या सकाळी तेरा वर्षांची आरुषी आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडली. दुसऱ्या दिवशी घरातील नोकर हेमराज याचा मृतदेह गच्चीवर मिळाला. दोन जीव गेले होते. परंतु थोड्याच दिवसांत लोकांचे लक्ष त्या दोन मृत्यूंवरून त्या घराच्या शयनगृहाकडे वळले. एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने पत्रकार परिषदेत मृत मुलीच्या चारित्र्याविषयी तर्क सांगितले. सांगताना तिचे नावही चुकीचे घेतले. मग आईवडील आणि त्यांचे स्नेही हे जोडीदारांची अदलाबदल करणारे असल्याची कुजबुज छापून आली आणि वाहिन्यांवरून घरोघर पोहोचली. मद्याची बाटली, कुलपे, किल्ल्या, रात्री चालू-बंद झालेले इंटरनेट अशा घरातील प्रत्येक वस्तूत लोक खुणा वाचू लागले. अदलाबदलीच्या त्या कथेला खटल्यात काहीही आधार मिळाला नाही. गाझियाबादच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये आईवडिलांना खुनाबद्दल दोषी ठरविले. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पुरावा अपुरा असल्याचे सांगून त्यांची मुक्तता केली. दोन खून कोणी केले, हे या निकालानंतर सिद्ध झालेले नाही. मात्र ती कुजबुज पुष्कळांच्या स्मरणात पक्की आहे. एवढ्या वर्षांनीही या प्रकरणाचा विषय निघाला की कोणीतरी डोळे मिचकावून म्हणतोच, “अहो, ते तसले होते.” न्यायालयाला निकाल फिरवता येतो, डोळा मिचकावलेला कोणाला परत घेता येत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘मग शेजारी काय चालले आहे याकडे आम्ही डोळेझाक करावी काय? महानगरांतील बंद दारांमागे स्त्रिया मार खातात, घरकाम करणाऱ्या मुली कोंडून ठेवल्या जातात, लेकरांवर अत्याचार होतात. खुणा वाचल्याच नाहीत तर त्यांना सोडवणार कोण?’ हा आक्षेप खरा आहे. दिल्लीच्या परिसरात शेजाऱ्यांनी वेळीच पाहिले असते तर काही जीव वाचले असते, हे नाकारता येणार नाही. म्हणून मी ‘पाहू नका’ असे म्हणत नाही. पाहण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला भेद ओळखा, एवढेच माझे म्हणणे आहे.

काळजीने पाहणारा दुखावलेल्या माणसाचा शोध घेतो. कुजबुजीने पाहणारा करमणुकीचा. काळजी दाराकडे जाते, घंटी वाजवते, गरज पडली तर पोलिसांत जाऊन आपले नाव देते आणि जबाबदारी घेते. कुजबूज दारापासून दूर, लिफ्टमध्ये, जिन्यात आणि प्रार्थनेनंतरच्या चहाच्या घोळक्यात उभी राहते, आणि ‘माझे नाव सांगू नका हं’ अशी अट घालते. काळजीला आपला अंदाज खोटा ठरला तर आनंद होतो. कुजबुजीला वाईट वाटते. ही शेवटची कसोटी प्रत्येकाने एकांतात स्वतःला लावून पाहावी. शेजारी निर्दोष आहे असे कळल्यावर माझ्या मनाला क्षणभर जरी निराशा वाटली, तरी मी त्याच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याच्या आज्ञाभंगाच्या अगदी जवळ आलो आहे असे समजावे. न्यायालयात उभे राहून बोललेली तेवढीच साक्ष नव्हे. हसणे हीसुद्धा साक्ष असते.

पवित्र शास्त्रात यहोशवाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात या विषयावरची एक कथा आहे आणि तिच्यावर उपदेश मी क्वचितच ऐकला आहे. रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश यार्देनेपलीकडील आपल्या वतनाला परत जाताना नदीकाठी एक प्रचंड वेदी बांधतात. इतर इस्राएली ती खूण पाहतात आणि अर्थ लावून मोकळे होतात: यांनी देवाला सोडले! सारी मंडळी शिलो येथे लढाईसाठी जमते. परंतु तलवार उपसण्यापूर्वी ते एक करतात. याजक फीनहास आणि दहा सरदार यांना ते समोरासमोर विचारावयास पाठवतात. उत्तर अगदी अनपेक्षित येते. ती वेदी यज्ञासाठी नव्हतीच. मध्ये नदी आहे म्हणून पुढे तुमची मुले आमच्या मुलांना परके म्हणतील, या भीतीने आम्ही साक्षीसाठी ती बांधली, असे ते सांगतात. जिच्यात भावांनी फितुरी वाचली होती ती खूण वास्तविक आपुलकीची होती. फीनहास ऐकतो, मानतो आणि परत जाऊन तसे सांगतो. लढाई टळते. दुसरीकडे एली याजक मंदिराच्या खांबापाशी बसून हन्नेचे हलणारे ओठ पाहतो आणि ती मद्य प्यालेली आहे असे ठरवून तिला दटावतो. तिने उत्तर दिल्यावर तोही आपला शब्द फिरवून तिला आशीर्वाद देतो. देवाच्या सेवकालाही खूण चुकीची वाचता येते. उत्तर ऐकण्याची तयारी मात्र असावी लागते.

आमच्यामध्ये यार्देन नव्हती, लिफ्टसमोरची दहा पावले होती. ती चालावयास मला कित्येक आठवडे लागले. मी गेलो तोवर दाराशेजारचा अननस नाहीसा झाला होता. भिंतीत खिळा तेवढा राहिला होता. त्या मुलीने दार उघडले. मी अननसाविषयी विचारले. ती म्हणाली, “अंकल, तो माझ्या वडिलांनी दिला होता. आमची केरळात वाळकुळमला अननसाची शेती आहे.” मग क्षणभर थांबून ती म्हणाली, “लोक त्याच्याकडे पाहून हसत होते. का, ते कोणी सांगितले नाही. म्हणून काढून ठेवला.”

त्या हसणाऱ्यांत मीही होतो, हे मी तिला सांगितले. कारण मात्र मला सांगवेना. तिने मान हलवली, “ठीक आहे, अंकल,” म्हणाली आणि हळूच दार लावले. पुढेही ती भेटली की नमस्कार करीत असे. पितळेचा अननस पुन्हा त्या भिंतीवर लागला नाही.